पी टाकलं, मग हँडब्रेक कशाला?

मी सांडोरहून बोलतेय. मागच्या वेळी आपण गाडी शिकण्याबद्दल बोललो, तेव्हा एका बचत गटातल्या मैत्रिणीने विचारलं होतं, "ताई, ऑटोमॅटिक गाडीत पी टाकलं की गाडी जागची हलत नाही म्हणतात. मग तो हँडब्रेक ठेवलाय कशाला?" मी तेव्हा म्हटलं होतं, याचं उत्तर दोन वाक्यांत होणार नाही. आज तेच घेऊन बसूया. पण आधी आमच्या दारात काय झालं ते सांगते, कारण त्या दिवसापर्यंत मीही हाच प्रश्न विचारला असता.

नाताळच्या आधीचे दिवस होते. गटाचा माल विक्रीला न्यायचा होता. लोणच्याच्या बरण्या, मसाल्याची पाकिटं, केळ्यांचे घड. आमच्या धाकट्या जावेकडे नवी ऑटोमॅटिक गाडी. मुलगा परदेशात कामाला आहे, त्याने आईसाठी घेतली. आता सांडोर म्हटलं तर सपाट गाव. डोंगर ना चढ. पण तुम्हाला ठाऊक आहे, पावसाळ्यात आपल्याकडे पाणी कसं भरतं. २०१८च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या बंद पडल्या, घराघरात पाणी शिरलं, ते कोणी विसरलेलं नाही. तेव्हापासून ज्याने त्याने अंगणात भराव घातला, जोती उंच केली. घरं वर गेली, रस्ता खालीच राहिला. त्यामुळे प्रत्येकाच्या फाटकापुढे सिमेंटचा छोटा चढ आला. आमच्याही आला.

तर जावेने गाडी त्या चढावर तोंड वर करून लावली, म्हणजे डिकी रस्त्याकडे आणि माल भरायला सोपं. दांडा एनवर ठेवला, हँडब्रेक थोडासा ओढला, दोन कट वाजले असतील, इंजिन बंद केलं, चावी हातात घेऊन उतरली. गाडी उभी राहिली. सासूबाई आधीच मागच्या सीटवर बसल्या होत्या. आम्ही चौघी डिकीपाशी, म्हणजे गाडीच्या बरोबर मागे, माल चढवत होतो. तिसरी पेटी आत ठेवली, कोणीतरी केळ्यांचा घड दाणकन टाकला आणि गाडी निघाली. आवाज नाही, काही नाही. हळू निघाली. माझी जाऊ चौथी पेटी पोटाशी धरून उभी होती, तिला कळलंच नाही. शेजारच्या मावशींनी तिला दंडाला धरून बाजूला खेचलं म्हणून. पेटी पडली, बरण्या फुटल्या, रस्ताभर कैरीचं लोणचं. गाडी रस्ता ओलांडून समोरच्या कुंपणाच्या भिंतीला लागून थांबली. सासूबाई आत "अगो, अगो" करत होत्या, त्यांना वाटलं आम्ही निघालो. कोणाला खरचटलंही नाही. पण त्या वेळी समोरून शाळेतली पोरं सायकलवर आली असती तर काय, हा विचार अजून रात्री जागं करतो.

जाऊ रडायला लागली. म्हणाली, "वहिनी, मी उभीच केली होती ना गाडी." नंतर तिच्या बोलण्यातून कळलं की तिला एन म्हणजेच पी वाटत होतं. आणि पी कुठे होतं? तिच्या गाडीत पी नव्हतंच.

हे नीट ऐका, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी हीच गाडी आहे. ऑटोमॅटिक म्हणून जी गाडी आपण विकत घेतो ती एकाच जातीची नसते. आपल्या देशात सगळ्यात स्वस्त ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली, तीत ही पद्धत भारतात पहिल्यांदा छोट्या गाडीत मिळाली. तोवर ऑटोमॅटिक म्हणजे मोठ्या लोकांची गाडी होती. एएमटी आली आणि क्लचच्या भीतीने गाडी सोडून दिलेल्या कितीतरी बायका पुन्हा चालवायला बसल्या. चांगलीच गोष्ट झाली. पण एएमटी आतून काय आहे? ती आपली नेहमीची गिअरची गाडीच. फक्त आपला डावा पाय आणि डावा हात जे काम करत होते, ते काम एक यंत्र करतं. क्लच तेच दाबतं, गिअर तेच बदलतं. म्हणून बहुतेक एएमटी गाड्यांच्या दांड्यावर आर, एन आणि डी एवढंच असतं, शेजारी हाताने गिअर बदलायचा एम. आर म्हणजे मागे, डी म्हणजे पुढे, आणि एन म्हणजे न्यूट्रल. न्यूट्रल म्हणजे मोकळी. चाकांना कोणी धरलेलं नाही. हातगाडी जशी सोडून द्यावी तशी. काही विजेवरच्या गाड्यांनाही पी नाही, हेही लक्षात असू द्या.

दुसऱ्या जातीच्या ऑटोमॅटिक गाड्या, थोड्या महाग, त्यांच्या दांड्यावर पहिलंच अक्षर पी असतं. पी, मग आर, मग एन, मग डी. आज घरी गेल्यावर पहिलं काम करा, आपल्या गाडीच्या दांड्यापाशी कोणती अक्षरं आहेत ती वाचा. घरातल्या पुरुषांना विचारू नका, स्वतः वाचा.

आणखी एक गोंधळ सांगते. गाडीत दोन पी असू शकतात. एक दांड्याजवळचं अक्षर, तो गिअरचा पी. दुसरा पी गोलाच्या आत लिहिलेला, दोन्ही बाजूंना कंस. तो हँडब्रेकचा. नव्या गाड्यांत हँडब्रेकचा दांडा काढून टाकलाय, तिथे एक छोटं बटण दिलंय, त्यावर हे चित्र असतं. बहुतेक गाड्यांत ते बटण वर ओढलं की ब्रेक लागतो, पायाचा ब्रेक दाबून खाली दाबलं की सुटतो. आणि हँडब्रेक लागलेला असला की समोरच्या काट्यांमध्ये लाल दिवा पेटतो. दांड्याचा असो की बटणाचा, लाल दिवा दिसला म्हणजे ब्रेक लागलाय. पण पूर्ण लागलाय असं तो दिवा सांगत नाही. आमच्या जावेच्या गाडीतही दिवा पेटला होता. दोन कट ओढल्यावरही दिवा पेटतोच.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ज्यांच्या गाडीत पी आहे त्यांनी हँडब्रेक का ओढायचा?

माझ्या आजोबांच्या वाडीत बावखलावर रहाट होता. आपल्या वसईत वाड्या पिकल्या त्या बावखलांवर आणि रहाटांवर. तुमच्यापैकी वयाने मोठ्या असलेल्यांनी पाहिला असेल. बैल गोल फिरायचा, मोठं चाक फिरायचं, आणि पाण्याने भरलेल्या गाडग्यांची माळ वर यायची. आता बैल मध्येच थांबला तर काय होईल? एका बाजूला भरलेली गाडगी, दुसऱ्या बाजूला रिकामी. भरलेल्या बाजूच्या वजनाने चाक उलटं गरागरा फिरेल, बैलाला मागे ओढेल, गाडगी फुटतील. म्हणून दातेरी चाकाच्या दातात अडकणारा एक अडसर असायचा. चाक पुढे फिरताना तो दातांवरून टकटक करत जायचा, उलटं फिरायला लागलं की दातात बसून चाक अडवायचा. लहानपणी ती टकटक ऐकत मी बावखलाच्या काठी झोपून जायचे.

गाडीतला पी म्हणजे असाच एक अडसर. गिअरबॉक्सच्या आत एक दातेरी चक्र आहे, ते चाकांशी जोडलेलं. पीवर दांडा नेला की बोटाएवढी लोखंडी खिट्टी त्या चक्राच्या दातांच्या मधल्या खाचेत जाऊन बसते. एवढंच. पी ब्रेक नव्हे. ब्रेक चाकाला घासून, दाबून धरतो. पी फक्त गिअरबॉक्समधलं चक्र अडवतो. रहाटाचा अडसर एकाच बाजूने अडवायचा, गाडीचा दोन्ही बाजूंनी अडवतो, फरक इतकाच.

मग ती खिट्टी किती ओझं धरते पाहा. आपली छोटी गाडी साधारण १००० किलोची धरू. आपल्या फाटकापुढचा चढ दहा फुटांत एक फूट चढत असेल, तर ती गाडी उताराकडे सुमारे १०० किलोच्या जोराने ओढली जाते. म्हणजे ५० किलोच्या दोन गोणी. चढ दुप्पट उभा असेल तर चार गोणी. आत माणसं, माल असेल तर त्याहून जास्त. हँडब्रेक न ओढता नुसतं पी टाकून पायाचा ब्रेक सोडला की गाडी किंचित मागे सरकते, आणि मग हे सगळं ओझं त्या खिट्टीवर जाऊन बसतं. तुम्हाला ती "टक" अशी झटकी जाणवली असेल. आणि परत निघताना दांडा पीमधून काढायला गेलात की तो घट्ट बसलेला, जोर लावावा लागतो, मग "ठक्" आवाज करून सुटतो. तो आवाज म्हणजे ओझ्याखाली अडकलेली खिट्टी ओढून काढल्याचा. लगेच काही मोडत नाही. खिट्टी मजबूत पोलादाची असते. पण रोज दोनदा तिला असं ओढायचं, आणि कधी मागून दुसऱ्या गाडीने धक्का दिला तर सगळा मार तिनेच खायचा, हे कशासाठी? ती गिअरबॉक्सच्या पोटात आहे. तिथलं काम निघालं तर गिअरबॉक्स उघडावा लागतो. हँडब्रेकची तार बदलणं त्याच्यापुढे काहीच नाही.

दुसरं कारण मला तरी जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. म्हणून पी टाकलं की पुढची चाकं अडतात, आणि हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना धरतो. दोन्ही केलं तर चारही चाकं धरली गेली. एक काही कारणाने सुटलं तर दुसरं आहे. रात्री दाराला कडी लावतो आणि वर कुलूपही लावतो, तसं.

आता पंक्चरचा प्रसंग घ्या. पुढचं चाक पंक्चर झालं, गाडी पीमध्ये आहे, हँडब्रेक ओढलेला नाही, आणि कोणी जॅक लावून पुढचं एक चाक उचललं. तुम्हाला वाटेल दुसरं पुढचं चाक जमिनीवर आहे, ते अडलेलं आहे. तसं नाही. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरता यावं म्हणून त्यांच्या मध्ये जी गिअरची जोडणी असते, तिच्यामुळे एक चाक हवेत गेलं की ते उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुलटं फिरू शकतं. म्हणजे पी असूनही गाडी चालू लागते, जॅकवरून खाली येते. खाली कोणाचा हात असेल तर? म्हणून चाक बदलताना हँडब्रेक पूर्ण ओढलेला हवा, आणि जे चाक उचलणार त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड हवा. मागचं चाक उचललं तर हँडब्रेकचा एक हात तर गेलाच, तेव्हा पी किंवा गिअरही हवाच. काम झाल्यावर दगड उचलून रस्त्याच्या बाहेर टाका. लोक ते तिथेच सोडून जातात आणि रात्री दुचाकीवाला त्यावर आदळतो. हे चाललंय ते चूक आहे, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर मग गाडी लावायची कशी? पी असलेली गाडी चढावर किंवा उतारावर लावताना असं करा. पायाच्या ब्रेकने गाडी पूर्ण थांबवा. पाय ब्रेकवरच ठेवून दांडा एनवर आणा. आता हँडब्रेक ओढा, पूर्ण. मग पाय हळूच सैल करा. गाडी जरा हलून हँडब्रेकवर टेकेल. हलली नाही, थांबली, म्हणजे हँडब्रेक ओझं घेतोय हे तुम्हाला डोळ्यांनी कळलं. आता पुन्हा पाय दाबून दांडा पीवर न्या, इंजिन बंद करा. अशाने ओझं हँडब्रेकवर राहतं आणि खिट्टी मोकळी, नुसती राखणीला बसते. एवढं लक्षात राहत नसेल तर निदान क्रम ठेवा, पाय ब्रेकवर असतानाच आधी हँडब्रेक, मग पी. निघताना उलटं. पाय ब्रेकवर, इंजिन चालू, दांडा पीमधून डीवर किंवा आरवर, आणि हँडब्रेक शेवटी सोडायचा.

एएमटीवाल्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे राखणीची खिट्टी नाही. तुमचा हँडब्रेक हाच तुमचा पी. जोडीला गिअर अडकवून ठेवायचा. गिअरची गाडी उतारावर लावताना जुने ड्रायव्हर पहिला गिअर टाकून ठेवतात, पाहिलंय ना? तेच इथे करायचं. गाडी थांबवली, हँडब्रेक पूर्ण ओढला, पाय ब्रेकवर ठेवला आणि दांडा एनवर न नेता डीवर किंवा आरवर असतानाच इंजिन बंद केलं, तर बहुतेक एएमटीत गिअर अडकलेला राहतो. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर डी, उताराकडे असेल तर आर. इंजिन पूर्ण बंद झालं की मगच पाय उचला. प्रत्येक कंपनीची रीत थोडी वेगळी असते, म्हणून गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडून एकदा पाहा. ते पुस्तक बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट पडलेलं असतं. इंग्रजी असेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलीला तेवढं पान वाचायला सांगा.

इंजिन चालू ठेवून उतरायचं नाही, हे दोन्हींना लागू. फाटक उघडायला एक मिनिट, पाववाल्याकडून पाव घ्यायला एक मिनिट, आणि दांडा डीवरच. ऑटोमॅटिक गाडी डीवर असली की पाय काढताच बहुतेक वेळा आपोआप पुढे सरकू लागते. तुमच्या पायाने ती थांबलेली असते, तुमच्या इच्छेने नव्हे.

"आपल्याला एवढं जमतं, आपण विसरणार नाही," असं कोणाला वाटत असेल तर अमेरिकेतली गोष्ट ऐका. आंतोन येल्चिन नावाचा सिनेमातला नट होता, वय २७. १९ जून २०१६च्या पहाटे लॉस एंजेलिसच्या त्याच्या घराच्या उतारावर त्याचीच जीप ग्रँड चेरोकी मागे येऊन त्याला तिथल्या विटांच्या खांबाला आणि फाटकाला चेपलं, आणि तो गेला. त्या गाडीचा दांडा असा होता की पी टाका, डी टाका, हात काढला की दांडा परत मधल्या जागी येऊन बसायचा. हाताला कळायचंच नाही की पी बसलं की नाही. त्या प्रकारच्या सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा त्या आधीच, एप्रिलमध्ये झाली होती. दांडा वाईट होता हे खरंच. पण मला त्यातून दुसरंच दिसतं. अक्षर बसलं की नाही हा संशय कोणत्याही गाडीत येऊ शकतो. हँडब्रेक ओढलेला असला तर त्या संशयाने जीव जात नाही.

कायद्यातही हे लिहिलेलं आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६. गाडी सार्वजनिक जागी उभी करून चालक सीटवरून उठला, तर इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी दुसरी व्यवस्था केलेली हवी. म्हणजे हे नुसतं कोणाचं मत नाही.

आपल्या भागातच कुठे कुठे हे लागतं बघा. जीवदानीच्या पायथ्याशी, तुंगारेश्वरला, नाहीतर गटाची सहल जव्हारला निघाली की घाटात चहाला थांबताना. घाटात उताराकडे तोंड करून लावली असेल तर हँडब्रेक आणि पी झाल्यावर स्टिअरिंग रस्त्याच्या कडेकडे वळवून ठेवा. सुटलीच तर कडेला जाऊन अडेल, वाहत्या रस्त्यात जाणार नाही. अर्थात कडेला दरी नाही ना, ते आधी पाहा.

आणि रो-रो बोट. फेब्रुवारी २०२४मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली तेव्हापासून आपल्या कितीतरी बायका गाडीसकट खाडी ओलांडतात. पूर्वी भाईंदरला रस्त्याने जायचं तर केवढा वळसा. बोटीत गाडी चढवताना उताराची फळी असते, आत लोखंडी डेक असतो, पावसात ओला. बोट डुलते, म्हणजे तुमची गाडी कधी चढावर, कधी उतारावर. पुढेमागे हातभर अंतरावर दुसऱ्या गाड्या, मध्ये माणसं उभी. बोटीवरचा माणूस हात दाखवतो तिथे थांबा, इंजिन बंद, हँडब्रेक पूर्ण, मग पी किंवा गिअर, आणि मगच खाडी बघायला उतरा.

हँडब्रेक नीट आहे की नाही ते कसं ओळखायचं? दांड्याचा असेल तर ओढताना कट कट वाजतं, ते मोजा. बहुतेक गाड्यांत पाच ते आठ कटांत तो घट्ट व्हायला हवा. दांडा पार वर येऊन उभाच राहत असेल आणि तरी घट्ट लागत नसेल, तर तार सैल झाली आहे. मग गॅरेजला न्या, तार आवळायला फार वेळ लागत नाही. आणि गॅरेजवाला "ताई, ऑटोमॅटिकला हँडब्रेक कोण वापरतं" म्हणाला, तर त्याला पंक्चरची गोष्ट विचारा. आमच्या गॅरेजवाल्याने आधी असंच म्हटलं होतं. खरं सांगायचं तर वर्षानुवर्षं न वापरल्यामुळेच कितीतरी गाड्यांच्या तारा आतून गंजून बसतात. आपली खारी हवा लोखंडाला माफ करत नाही. हँडब्रेक रोज ओढला-सोडला की तार चालती राहते.

इथे एक अपवाद आहे, आणि तो आपल्या पावसाचा. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्रमचा ब्रेक असतो, डब्यासारखा बंद. पाण्यातून गाडी आणली, किंवा धुतली, आणि तशीच ओली गाडी हँडब्रेक ओढून आठ-पंधरा दिवस उभी ठेवली, तर आतले ब्रेक ड्रमला गंजाने चिकटतात. मग निघताना मागची चाकं फिरतच नाहीत, गाडी बसल्या जागी कण्हते. जोर करू नका, मेकॅनिकला बोलवा. आणि गावाला जाणार असाल, गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर ती सपाट जागेवर लावा, पी किंवा गिअर अडकवा, चाकांना दोन्ही बाजूंनी चांगले जाड दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. तेवढ्याच वेळी. रोजच्या रात्री ओढायचाच. पाण्यातून आल्यावर आधी हळू चालवत पायाचा ब्रेक चार-पाच वेळा हलका दाबा, म्हणजे ब्रेक तापून सुकतात, मग लावा.

मुलांचं सांगायचं राहिलं. गाडीत नातवंडांना खेळायला बसवून आपण उतरतो. पीमधून दांडा काढायला बहुतेक गाड्यांत पायाचा ब्रेक दाबावा लागतो, ते लहान मुलाला सहसा जमत नाही. पण हँडब्रेकचं बटण दाबून दांडा खाली करणं पाच वर्षांच्या पोरालाही जमतं. माझ्याच नातवाने करून दाखवलं. एएमटी गाडी असेल, गिअर अडकवलेला नसेल, तर त्या पोराने गाडी सोडलीच म्हणून समजा. गाडी खेळण्याची जागा नाही, एवढंच.

आता आमच्या दारात काय करतो सांगते. जाऊ पंधरा दिवस गाडीला हात लावत नव्हती. मग एका रविवारी मिस्साहून आल्यावर मी तिला म्हटलं, चल, त्याच चढावर लावूया. गाडीमागे कोणी नाही हे पाहिलं. तिने गाडी वर घेतली, हँडब्रेक ओढला, मोठ्याने कट मोजले, एक, दोन, तीन, सहापर्यंत. डीवर असतानाच इंजिन बंद केलं, पाय सोडला. गाडी हलली नाही. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "आता माल पुढच्या दारातून भरा." आम्ही तेव्हापासून गाडी सपाट रस्त्याच्या कडेला लावून माल भरतो, आणि भरताना गाडीच्या मागे उभं राहायचं नाही असं गटाने ठरवलंय. चढावर लावलीच तर एकजण चाकामागे लाकडाचा ठोकळा धरून येते. तो ठोकळा आता डिकीतच असतो, लोणच्याच्या पेट्यांच्या शेजारी.

तुमच्या गाडीच्या दांड्यावर कोणती अक्षरं सापडली ते पुढच्या वेळी गटातून कळवा. ज्यांच्या गाडीत बटणाचा हँडब्रेक आहे आणि बॅटरी उतरली तर काय करायचं असा ज्यांना प्रश्न आहे, तो प्रश्न आमच्याकडे आधीच आलाय, त्यावर पुढच्या खेपेला बोलू. येते.